शून्याखालची भुतं

ढग उजेड पितो किती आणि सांडतो किती, या एका प्रश्नापायी त्या घरात अठरा वर्षं जेवणं गार होत आली होती. प्रश्न सासऱ्यांचा. विमानतळाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या हँगरमध्ये सगळे त्यांना थोरले म्हणत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी म्हणत, कारण थोरले निवृत्त झाले होते ते फक्त कागदावर. रोज सकाळी अकराला त्यांचा फोन यायचाच. "काचा पुसल्या का? कोणी पुसल्या? कशानं पुसल्या?"

फोन घ्यायची ती सून. खरं तर ती आधी उपकरणं सांभाळायला हँगरमध्ये लागली आणि दोन वर्षांनी थोरल्यांच्या मुलाशी लग्न करून त्यांच्या घरात आली. पण एकदा तिथल्या लोकांनी तिचं नाव सूनबाई ठेवलं ते ठेवलंच. आता ती उपकरणांची प्रमुख होती, तरी खोकी पोचवायला येणारा माणूससुद्धा दारातून "सूनबाई आहेत का?" असंच विचारायचा.

थोरल्यांचा आकडा होता पंधरा. ढगावर वरून शंभर भाग उजेड पडला, तर बराचसा उजेड ढग विखुरतो. काही वर परत जातो, काही खाली उतरतो. पण पंधरा भाग कुठेच सापडत नाहीत, ते ढग स्वतः पिऊन टाकतो, असं त्यांनी आयुष्यभर मोजून ठरवलं होतं. त्यांचा कॉलेजपासूनचा एक मित्र होता. तो जन्मात कधी ढगाच्या जवळ गेला नाही. टेबलाशी बसून गणितानं ढग सोडवायचा. घरात त्याचं नाव हिशोबी. हिशोबींच्या कागदावर उत्तर यायचं आठ. पंधरा आणि आठ यांच्यामधल्या सातांवर दोघं महिन्यातून एकदा फोनवर कडाकडा भांडत आणि फोन ठेवताना एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत.

"कागदावरच्या ढगाला तहान लागत नाही रे बाबा," थोरले म्हणत.

"ढगाला नाही, तुझ्या यंत्राला तहान लागलीय," हिशोबी म्हणत, आणि मग थोरल्यांच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबत, त्या संध्याकाळपर्यंत उतरत नसत.

आता थोरल्यांचं पुस्तक तयार झालं होतं. अठरा वर्षांची उड्डाणं, तीनशे पानं, नाव 'तहानलेले ढग'. मुखपृष्ठ झालं होतं. शेवटची मुद्रितं तपासायची आणि शुक्रवारी छापखान्यात द्यायची, एवढंच उरलं होतं. थोरले आठवडाभर गुणगुणत घरात फिरत होते, आणि त्यांना सूर नाही हे त्यांना कोणी सांगत नव्हतं.

आणि त्याच आठवड्यातल्या सोमवारी सूनबाई उड्डाणाला गेली.

मोजायची रीत ऐकायला सोपी. विमानं दोन. एक ढगांच्या वरून जायचं, दुसरं बरोबर त्याच्या खाली, ढगांच्या तळाखालून. हँगरमध्ये त्यांना थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणत, कारण एकीनं वळण घेतलं की दुसरीला घ्यावंच लागे आणि मनापासून ते कोणीच घेत नसे. प्रत्येकीच्या पाठीवर एक आणि पोटाखाली एक असे दोन 'डोळे' बसवलेले. डोळा म्हणजे छोटीशी काळी चकती आणि तिच्यावर काचेचा घुमट. उजेड पडला की चकती किंचित तापते, आणि किती तापली त्यावरून उजेड किती ते कळतं. ढगात किती उजेड शिरला ते वरच्या विमानानं सांगायचं, किती बाहेर पडला ते खालच्यानं. मधला फरक ढगाच्या पोटात.

निघाल्यावर आधी दोन्ही विमानं मोकळ्या आभाळात पंखाला पंख लावून दहा मिनिटं उडवायची, म्हणजे पाठीवरच्या डोळ्यांचं आपसात आणि पोटाखालच्यांचं आपसात जुळतं की नाही ते दिसतं. सोमवारी जुळलं, अगदी हवं तसं. मग थोरली वर गेली, धाकटी खाली आली आणि तिच्यात बसलेल्या सूनबाईनं पडद्यावर नजर लावली.

हा पडदा नवा होता. आत्तापर्यंत दोन्ही विमानांचे आकडे खाली उतरल्यावरच संगणकात एकत्र व्हायचे. यंदा पहिल्यांदाच वरच्या विमानाचे आकडे तिथल्या तिथे धाकटीत दिसण्याची सोय झाली होती. ढगांची रांगच्या रांग लागली होती, मध्ये मध्ये मोकळ्या फटी.

"सूनबाई, तुमचं यंत्र बिघडलं वाटतं," पुढून वैमानिक म्हणाला. त्याला सगळे डुलकी म्हणत. जमिनीवर तो कुठल्याही खुर्चीत झोपून जायचा, पण एकदा चाकं उचलली की डोळ्यांत तेल घालून बसायचा. "उणे सहा दाखवतंय. ढगानं पदरचा उजेड घातला की काय?"

"भूत आहे ते," ती म्हणाली. "खाली गेल्यावर पुसलं जाईल."

भूत हा थोरल्यांचा शब्द. कधी कधी आकडा शून्याच्या खाली जायचा, म्हणजे वरून शिरला त्यापेक्षा खाली जास्त उजेड. कुठलाही ढग काही दिवा लावून बसत नाही, तेव्हा हा उपकरणाचा झटका समजायचा आणि टाकून द्यायचा. पूर्वी थोरले वहीत लाल पेन्सिलीनं भुतं खोडत. पुढे संगणक आला, आणि नोकरीच्या पहिल्याच महिन्यात सूनबाईनं त्यांच्या सांगण्यावरून त्यात एक ओळ लिहिली: शून्याखाली जाईल ते वगळ. त्या ओळीनं आजवर एकही भूत कोणाच्या नजरेस पडू दिलं नव्हतं.

"मग भूत मोठं वक्तशीर आहे," डुलकी म्हणाला. "जाड ढग संपला, फट आली, की हजर. मघापासून चार वेळा झालं."

तिनं पाचवा ढग येईपर्यंत वाट पाहिली. ढग संपला, फट आली, आकडा उणे आठ. तिनं पडद्यावरून मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं, आणि तिला डोळ्यांवर हात धरावा लागला. शेजारच्या ढगाची अख्खी कूस उन्हात पेटल्यासारखी पांढरी झाली होती आणि तिथून उजेड सरळ त्यांच्या विमानावर ओतला जात होता. वर सूर्य होताच. त्यात ही शेजाऱ्याची भर. भूतबित काही नव्हतं. जाड ढगात जो उजेड शिरला होता तो त्याच्या कडेनं बाहेर सांडत होता आणि फटीत पडत होता.

तिच्या लक्षात आलं. जाड ढगाखाली उजेड कमी भरतो, तो आपण 'ढगानं पिला' म्हणून धरतो. आणि त्यानं शेजारी सांडलेला उजेड जिथे सापडतो, तो आकडा आपण भूत म्हणून टाकतो.

खाली उतरल्यावर तिनं जेवणसुद्धा केलं नाही. संगणक उघडला, स्वतःच्या हातानं लिहिलेली ती ओळ काढली आणि सगळ्या आकड्यांची पुन्हा सरासरी काढली. ओळ असताना उत्तर पंधरा होतं. ओळ काढल्यावर आठ पूर्णांक दोन. तिनं तीनदा करून पाहिलं. मग गेल्या वर्षीचं एक उड्डाण काढलं, तिथेही तेच. हिशोबींचं बरोबर होतं आणि थोरल्यांचे ढग तहानलेले नव्हते. शुक्रवारी हे पुस्तक छापलं गेलं असतं तर चुकीचा आकडा थोरल्यांच्या नावावर कायमचा चिकटला असता. आणि सांगावं तर, ज्या माणसानं तिला काच कशी पुसायची इथपासून सगळं शिकवलं, त्याला अठरा वर्षं फुकट गेली असं तोंडावर सांगायचं.

ती मूग गिळून बसली. सोमवारी रात्रीच्या जेवणाला थोरले म्हणाले की नव्या पडद्याची काही गरज नव्हती, ती म्हणाली, "हो बाबा." मंगळवारी ते म्हणाले की काचा सुती फडक्यानंच पुसाव्यात, हल्लीचे ते कागद काही कामाचे नाहीत, ती म्हणाली, "बरोबर आहे." बुधवारी सकाळी ते म्हणाले की हिशोबीला पुस्तकाची पहिली प्रत पाठवू आणि त्याचा चेहरा बघायला स्वतः जाऊ, ती म्हणाली, "जाऊ या की."

सासूबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. त्या आयुष्यभर शिवणकाम केलेल्या. उसवलेली शिवण त्यांना लांबून दिसायची. थोरले अंगणात गेल्यावर त्या म्हणाल्या, "तीन दिवस झाले, तू त्यांच्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणतेयस. दिवस गेलेत की नोकरी गेलीय?"

"काही नाही, आई."

"बस इथे. काय ते सांग. आणि मला कळेल असं सांग, तुमचं ते शंभरातले किती वगैरे नको."

सूनबाईनं सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे असं, की ह्यांच्या खणातले मोजे कमी झाले म्हणून हे ओरडतात, घर मोजे खातं म्हणून. आणि मुलाच्या खणात जास्तीचे सापडतात, तर म्हणायचं हे मोजेच नव्हेत, आणि खण बंद करायचा."

"अगदी तसंच."

"अठरा वर्षं?"

"अठरा वर्षं. आणि खण बंद करायची ओळ मी लिहिली."

सासूबाई हसल्या नाहीत, पण त्यांना हसू आवरावं लागलं हे दिसलं. "मी काही त्यांना सांगणार नाही. तुमच्या ढगांत मी कधी पडले नाही, आता या वयात पडत नाही. पण शुक्रवारनंतर सांगशील तर त्यांना जास्त लागेल, एवढं मला कळतं."

नवरा दातांचा डॉक्टर. बुधवारी झोपायच्या आधी तिनं त्याला विचारलं, की वाईट बातमी तुम्ही लोक कशी देता. तो म्हणाला, "आमच्यात आधी भूल देतात, मग तोंड उघडायला लावतात. बाबांना आधी तोंड बंद करायला लावावं लागेल, ते आमच्या शास्त्रात नाही." मग त्यानं दिवा मालवता मालवता म्हटलं, "सांग गं. आज सांगितलं काय, दहा वर्षांनी सांगितलं काय, किडका दात किडकाच."

गुरुवारी दुपारी ती हँगरमधून लवकर घरी आली. थोरले जेवणाच्या टेबलावर मुद्रितं पसरून बसले होते, चष्मा कपाळावर, दुसरा चष्मा नाकावर. तिनं सोमवारच्या उड्डाणाचा आलेख त्यांच्या पुढ्यात ठेवला. ढगांची रांग, खाली आकडे, आणि प्रत्येक जाड ढगाच्या शेजारी शून्याखाली उतरलेली रेघ.

"भुतं आहेत," थोरले म्हणाले. "गाळली का नाहीस?"

"भुतं नाहीत, बाबा. उजेड आहे. ढग कडेनं सांडतो तो. मी डोळ्यांनी बघितला." आणि ती थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा जमलं नसतं. "ती ओळ काढली की पंधराचे आठ होतात. गेल्या वर्षीच्या उड्डाणातही. आपला आकडा चुकलाय."

थोरल्यांनी नाकावरचा चष्मा काढला आणि कपाळावरचा खाली घेतला. "डोळे जुळवले होतेस? निघताना?"

"दहा मिनिटं. चारही."

"दोन्ही विमानं बरोबर एकावर एक होती?"

"डुलकी होता."

ते बोटानं आलेखावर एकेक ढग मोजत गेले आणि एकेका फटीशी थांबले. मग एकदम उठले. "काहीतरी सांगू नकोस," असं जरा मोठ्यानं म्हणाले, त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

सूनबाई टेबलाशी उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. आतून कपाट सरकवल्याचा आवाज आला, मग काहीतरी धप्पकन पडलं. सासूबाई शिवणाच्या खोलीतून धावत आल्या. "अहो, काय पाडलंत?"

दार उघडलं. थोरल्यांच्या शर्टाला धूळ लागली होती आणि हातात जुन्या वह्यांची चळत होती. त्यांनी ती मुद्रितांवरच आपटली.

"तुझा पडदा नवा, तुझी उड्डाणं नवी," ते सुनेला म्हणाले. "ह्या माझ्या वह्या. संगणक यायच्या आधीच्या. इथेही तेच निघालं तर मानीन."

"पण भुतं तर तुम्ही खोडलीत, बाबा."

"खोडली. पुसली नाहीत. खोडरबर मी हँगरमध्ये कधी येऊ दिलं नाही. खोटा वाटला तरी आकडा वाचता आला पाहिजे." त्यांनी पहिली वही उघडली. पानभर निळ्या शाईचे आकडे, आणि मधूनमधून एकेक लाल रेघ. रेघेखालचा प्रत्येक आकडा स्वच्छ दिसत होता. "अगं, तू वाच," ते बायकोला म्हणाले. "सगळे. लाल असो की निळा."

ढगांत पडणार नाही म्हणालेल्या सासूबाईंनी खुर्ची ओढली. कपड्याची मापं सांगायच्या आवाजात त्या वाचत गेल्या: एकवीस, चोवीस, एकोणीस, उणे सात, उणे चार, बावीस. सूनबाई बेरीज करून सरासरी काढत होती. थोरल्यांचा तिच्यावर विश्वास होता, तरी ते शेजारी वेगळ्या कागदावर हातानं बेरीज करत होते. दवाखाना आटोपून नवरा आला, त्यानं दारातून हे पाहिलं आणि काही न विचारता चहाचं आधण ठेवलं. तीन वह्या झाल्या. तीन वर्षांतली तीन उड्डाणं, तीन तऱ्हेचे ढग. पहिलीचं उत्तर आलं आठ पूर्णांक चार. दुसरीचं साडेसात. तिसरीचं आठ.

थोरल्यांच्या कागदावरही तेच होतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी फोन उचलून हिशोबींना लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"बोल," हिशोबी म्हणाले. "छापलंस का पुस्तक?"

"आठ," थोरले म्हणाले.

"काय आठ?"

"तुझे आठ. माझेही आठच आहेत. तुझं बरोबर होतं."

हिशोबी हळूच म्हणाले, "तब्येत बरी आहे ना तुझी? वहिनींना दे फोन."

"बरे आहेत," सासूबाई म्हणाल्या. "आकडे मी स्वतः वाचलेत भाऊजी."

थोरल्यांनी सगळं सांगितलं. फटी, कडा, सांडलेला उजेड. हिशोबी मध्ये एकदाही बोलले नाहीत, हे अठरा वर्षांत प्रथमच घडलं. शेवटी ते म्हणाले, "कडेनं किती सांडतो?"

"ते तूच सांग. पण तू काय सांगणार? तुझ्या कागदावरच्या ढगाला कडाच नसतात, इकडून तिकडून नुसती चादर."

"नसतात," हिशोबी म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज पुष्कळ तरुण झाला. "ते मोजलंय कोणी?"

"माझ्या सुनेनं."

"उद्या येतो. तिला म्हणावं आकडे बाहेर काढून ठेव. आणि छापखान्याला कळव, थोडा दम धरा म्हणावं."

फोन बंद झाला. नवऱ्यानं चहा आणून ठेवला, सासूबाई वह्या गोळा करायला लागल्या. सूनबाईचा जीव भांड्यात पडत होता, एवढ्यात थोरले तिच्याकडे वळले.

"तुला कधी कळलं हे?"

"सोमवारी."

"आज गुरुवार. तीन दिवस तू मला हो ला हो करत होतीस." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, जे ते इतर कोणाला कधी करू देत नसत. "आकडा चुकला त्याचं मला काही नाही. आकडे चुकतात. माझं प्रत्येक मोजमाप बरोबर निघालं, मी फक्त अर्ध्यांचं ऐकलं नाही. पण तुला वाटलं म्हातारा हे पेलणार नाही. ते मला लागलं."

"चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली, आणि आता मात्र रडलीच. "मला भीती वाटली. तुमची नाही. तुम्हाला वाईट वाटेल याची."

"वाटलं. मग? माणसाला वाईटसुद्धा वाटू द्यायचं नाही का?" त्यांनी स्वतःचा चहा तिच्याकडे सरकवला. "पुढच्या वेळी त्याच दिवशी सांगायचं. मी ओरडेन. तूही उलट ओरडायचं. बरं, ऐक. सोमवारी धाकटीत माझी जागा ठेव. इतकी वर्षं मी वरच्या विमानात बसून ढगांच्या डोक्याकडे बघत आलो. खाली एकदाही गेलो नाही. ती फट मला डोळ्यांनी बघायची आहे."

सूनबाईनं डोळे पुसले. "नाही जमणार."

"का नाही?"

"धाकटीला जिना नाही, शिडी आहे. सरळसोट, आठ पायऱ्या. तुमचा गुडघा तुम्हाला घरातला उंबरा ओलांडू देत नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. आणि विमानातल्या जागांचा निर्णय माझा आहे, तुमचा नाही. तुम्ही निवृत्त आहात."

"अगं, मी तुला नोकरीला ठेवलं."

"ठेवलंत. आता मी ठरवते."

"आधी जेवा, मग भांडा," सासूबाई म्हणाल्या. पण थोरले कधीच उठले होते आणि मुलाला हाका मारत होते, की माळ्यावर चढायची ती लाकडी शिडी अंगणात आण, आत्ताच्या आत्ता. मुलानं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, हात टेकले आणि शिडी आणून भिंतीला लावली. थोरल्यांनी चपला काढल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"तिसरीच्या वर गेलात तरच विचार करीन," सूनबाई म्हणाली, आणि खाली बसून तिनं दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.